पैसे नाहीत म्हणता, मग कंपनी ‘स्वेच्छेनं’ बंद कशी करता?

या वेळची चारही पत्रं गाशा गुंडाळणाऱ्या कंपन्यांबद्दल आहेत. दोघांची उधारी अडकली आहे, एकाचा पगार अडकला आहे आणि चौथ्याकडे इतरांचे पैसे अडकले आहेत. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे. तेवढा वेळ नसेल तर आपापल्या पत्रावर थेट जा.

प्रश्न: मॅडम, भोसरीत माझा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा लहान कारखाना आहे, उद्यम नोंदणी पहिल्यापासून आहे. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बरीच वर्षं माल देतोय. आज येणं 23 लाख 40 हजार. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं: ‘मालमत्तेतून सर्व देणी भागवणे शक्य नसल्याने कंपनी स्वेच्छेने अवसायनात (लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायला) काढण्याचे संचालक मंडळाने ठरवले आहे. एकूण देणी 68 लाख. सोबतच्या ना-हरकत पत्रावर सही केल्यास 25 टक्के रक्कम अंतिम हिशेब म्हणून देऊ.’ त्यांचा अकाउंटंट रोज फोन करतो, ‘सही करून टाका, एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेलं तर काहीच हाती लागणार नाही.’ त्यांचा सहा लाखांचा एक चेक माझ्याकडे आहे, तोही ‘इतक्यात टाकू नका’ म्हणतात. काय करू?
— भोसरीचे एक वाचक

उत्तर: आधी साधा हिशेब करा. 23 लाख 40 हजारांचे 25 टक्के म्हणजे 5 लाख 85 हजार. तुमच्या खणात पडलेला चेक सहा लाखांचा आहे. म्हणजे त्या एका चेकपेक्षाही कमी पैसे देऊन ते सगळी उधारी फेडल्याची सही मागताहेत. हे लक्षात आलं की अकाउंटंटच्या फोनची घाई कशाची आहे तेही लक्षात येईल.

आता कायदा. दिवाळखोरी संहिता 2016 सालची. तिच्या कलम 59 प्रमाणे कंपनी स्वतःहून बंद करता येते, पण त्यासाठी बहुसंख्य संचालकांना शपथपत्रावर सांगावं लागतं की कंपनीवर कर्जच नाही, किंवा मालमत्ता विकून सगळी कर्जं पूर्णपणे फिटतील. शिवाय कुणाला फसवण्यासाठी कंपनी बंद करत नाही, हेही लिहून द्यावं लागतं. सोबत गेल्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. शपथपत्रानंतर चार आठवड्यांच्या आत भागधारकांचा विशेष ठराव. आणि कंपनीवर देणं असेल, तर ठरावापासून सात दिवसांच्या आत रकमेनं दोन तृतीयांश येणं असलेल्या घेणेकऱ्यांनी त्याला मंजुरी द्यायची.

इथंच त्यांचं घोडं पेंड खातंय. 68 लाखांचे दोन तृतीयांश होतात सुमारे 45 लाख 33 हजार. तुमची रक्कम वजा केली तर उरतात 44 लाख 60 हजार. म्हणजे तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांनी होकार दिला तरी मंजुरी होत नाही. काही जणांनी 25 टक्के घेऊन सह्या केल्याच असतील, तर एकूण देणं कमी होऊन तुमचा वाटा आणखी वाढतो. फोन तुम्हालाच का येतात ते कळलं ना?

दुसरी गंमत त्यांच्या पत्रातच आहे. ‘सर्व देणी भागवणे शक्य नाही’ असं त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलंय. सगळी देणी भागतील हे शपथेवर सांगितल्याशिवाय जो रस्ता उघडत नाही, त्या रस्त्यानं ते निघालेत. ते पत्र, त्याचं पाकीट, ईमेल, सगळं जपून ठेवा. उद्या प्रक्रिया सुरू झालीच, तर ते लिक्विडेटरच्या, म्हणजे कंपनी बंद करण्याचं काम बघणाऱ्याच्या, हातात द्यायचं. कर्जं पूर्ण फिटणार नाहीत किंवा कुणाला फसवण्यासाठी हे चाललंय असं त्याचं मत झालं, तर त्यानं एनसीएलटीकडे जाऊन प्रक्रिया थांबवण्याचा अर्ज करायचा असतो. ते त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

म्हणूनच त्यांना तुमची सही आधी हवी आहे. सगळ्यांनी 25 टक्क्यांवर ‘पूर्ण हिशेब मिटला’ असं लिहून दिलं की कागदावर कंपनी कर्जमुक्त होते, मग शपथपत्रही खोटं ठरत नाही. यात बेकायदा काही नाही बरं का. घेणेकरी राजीखुशीनं कमी पैसे घेऊ शकतो. पण आपण काय विकतोय हे विकणाऱ्याला ठाऊक असावं.

सही करायची की नाही, हे त्यांच्या ताळेबंदावर ठरवा, फोनवर नाही. कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर शंभर रुपये भरले की त्या कंपनीनं दाखल केलेले कागद बघायला मिळतात. दोन गोष्टी बघा. एक, तारणाची नोंद: यंत्रं, माल, येणी यांवर बँकेचा बोजा आहे का. दुसरी, संचालकांकडून किंवा त्यांच्या नातलगांकडून घेतलेलं बिनतारणी कर्ज. ते मागच्या वर्षी होतं आणि यंदा नाहीसं झालं असेल, तर घरच्यांचे पैसे आधी काढून मग तुम्हाला 25 टक्के दाखवताहेत असा अर्थ निघू शकतो. रीतसर अवसायनात नातलगांना झुकतं माप देऊन केलेले दोन वर्षांपर्यंतचे व्यवहार उकरून काढता येतात, इतरांशी केलेले एक वर्षापर्यंतचे. उलट 68 लाखांच्या यादीत संचालकांचं कर्ज अचानक उगवलेलं दिसलं, तर ते मतांची बेरीज फिरवायला आलंय का, तेही तपासा.

बँकेचा बोजा सगळ्यावर असेल आणि विकून येणारे पैसे बँकेलाच पुरतील अशी स्थिती असेल, तर मात्र माझा सल्ला बदलेल. अवसायनात पैसे वाटण्याचा क्रम कलम 53 मध्ये ठरलेला आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारणावरचा हक्क सोडून वाटपात आलेली बँक बरोबरीनं, मग इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे पगार, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारची देणी. बॉक्स पुरवणारे, वाहतूकदार, जॉबवर्कवाले हे सगळे त्याच्याही खाली. तिथवर पैसा पोचलेला मी फार क्वचित पाहिलाय. अशा कंपनीकडून रोख 25 टक्के मिळत असतील तर मी हुज्जत घालून 35 पर्यंत नेले असते आणि घेतले असते. पण ‘पैसे खात्यात जमा झाल्यावर सही’ या अटीवर. आणि दुसऱ्या कुणाला जास्त टक्के दिले तर तेवढेच मलाही, हे वाक्य कागदात घालून.

चेकचं मात्र थांबू नका. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांची. ‘इतक्यात टाकू नका’ ऐकत बसलात तर तो कागद होईल. बँकेत टाका. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, त्यांना पैसे द्यायला 15 दिवस, नंतर महिन्याभरात चेक न वटल्याबद्दल कलम 138 खाली तक्रार. उद्या कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन तिच्याविरुद्धचे दावे थांबले, तरी चेकवर सही करणाऱ्या संचालकावरचा खटला थांबत नाही. मोहनराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये हे स्पष्ट केलंय. संचालकाला कंपनीपेक्षा या खटल्याची धास्ती जास्त असते.

अकाउंटंट ज्या एनसीएलटीची भीती घालतोय, तिथं तुम्ही एकट्यानं जाऊच शकत नाही. मार्च 2020 पासून किमान थकबाकी एक कोटीची लागते, आधी ती एक लाख होती. बँकांना एकत्र येऊन अर्ज करता येतो, माल पुरवणाऱ्यांना चार जणांची बिलं जोडून तसा अर्ज करता येत नाही. तुमचा खरा दरवाजा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याचा आहे. नोंदणी पहिल्यापासून आहे हे तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. बँक रेट साडेपाच धरला तर व्याज साडेसोळा टक्के झालं. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून विभागाच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) अर्ज करा, बिलं, चलनं आणि त्यांच्या स्टोअरचे शिक्के असलेल्या पावत्या लावून. कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर त्यांना 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे व्याज जमेस धरलं की 25 टक्क्यांची ऑफर आणखी आक्रसते.

एक वाईट बातमीही सांगते. या बिलांवरचा जीएसटी तुम्ही केव्हाच भरलाय, आणि गिऱ्हाइकानं पैसे बुडवले म्हणून तो आपल्याकडे परत मिळत नाही. दुष्काळात तेरावा महिना.

प्रश्न: आईनं तुमच्या सदराची पानं व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणून धीर करून लिहितो. मी इंग्लंडमध्ये, स्लाव इथं राहतो. रेस्टॉरंटांना टेकअवेचे डबे आणि कागदी पिशव्या पुरवतो. एका रेस्टॉरंटच्या लिमिटेड कंपनीकडे 6,000 पौंड अधिक व्हॅट 1,200 येणं आहे. आता ‘क्रेडिटर्स व्हॉलंटरी लिक्विडेशन’ची नोटीस आलीय, सोबत बरेच फॉर्म. आणि त्याच जागी तोच मालक नावात एक अक्षर वाढवून रेस्टॉरंट चालवतोय! मी काही करू शकतो की सोडून देऊ?
— स्लावचे एक वाचक

उत्तर: तुमच्याकडचा कायदा आपल्यापेक्षा वेगळा आहे. पैसे नसलेल्या कंपनीला कोर्टात न जाता स्वतःहून बंद होण्याची वाट तिथं आहे, 1986 च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टमध्ये. इंग्लंडमधल्या बुडालेल्या कंपन्या सर्वांत जास्त याच वाटेनं बंद होतात. भागधारक 75 टक्के बहुमतानं ठराव करतात, संचालक मालमत्ता आणि देण्यांचं विवरणपत्र काढतात आणि लिक्विडेटर कोण असावा हे ठरवायचा शेवटचा शब्द घेणेकऱ्यांचा असतो. हा निर्णय ठरावानंतर 14 दिवसांच्या आत व्हायचा असतो, म्हणून ते फॉर्म बाजूला ठेवू नका. त्यातला ‘प्रूफ ऑफ डेट’ (तुमच्या येण्याच्या दाव्याचा फॉर्म) बिलांसह मुदतीत पाठवा, नाहीतर मत मोजलं जात नाही. 2017 पासून बैठक बहुतेक वेळा होतच नाही: कुणी हरकत घेतली नाही तर संचालकांनी सुचवलेला माणूस मान्य झाला असं धरतात. रकमेनं किंवा संख्येनं 10 टक्के घेणेकऱ्यांनी, किंवा दहा जणांनी, मागणी केली तर प्रत्यक्ष बैठक बोलवावी लागते. भाजीवाला, मांसवाला, लाँड्रीवाला यांना फोन करा. दहा माणसं जमणं अवघड नाही, रेस्टॉरंटचे बुडवलेले पुरवठादार एकमेकांना ओळखतातच.

विवरणपत्रात बघायचं ते असं. बँकेचं बाउन्स बॅक लोन (कोविडकाळातलं सरकारी हमीचं कर्ज) असेल तर ते सहसा बिनतारणी असतं, म्हणजे बँक तुमच्याच रांगेत. व्हॅट आणि पगारातून कापलेल्या करासाठी तिथलं करखातं मात्र 1 डिसेंबर 2020 पासून तुमच्या पुढे जाऊन बसलंय. त्यामुळे पौंडाला किती पेन्स मिळतील याची आशा माफक ठेवा.

व्हॅटचे 1,200 पौंड मात्र सोडू नका. पैसे द्यायची तारीख उलटून सहा महिने झाले आणि ते येणं तुम्ही हिशेबात बुडीत म्हणून टाकलं, की भरलेला व्हॅट तुमच्या विवरणातून परत घेता येतो. भोसरीच्या वाचकांनी हे वाचून मला पुन्हा पत्र पाठवू नये, आपल्याकडे ही सोय नाही हे वर सांगितलंय.

तुमच्या बिलामागच्या अटींत ‘पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी आमची’ असं छापलेलं आहे का? ती अट गिऱ्हाइकानं ऑर्डरच्या वेळी मान्य केलेली असेल, तर गोदामात शिल्लक असलेले तुमचे डबे ओळखून परत मागता येतात. लिक्विडेटरला आजच लिहा, डब्यांवरचा लॉट नंबर कळवा.

आता त्या वाढवलेल्या अक्षराबद्दल. कंपनी लिक्विडेशनमध्ये जाण्याआधीच्या 12 महिन्यांत जो संचालक होता, त्याला पुढची पाच वर्षं तेच किंवा भास होईल इतकं जवळचं नाव घेऊन कंपनी चालवता येत नाही. कलम 216. मोडलं तर गुन्हा आहे, आणि नव्या कंपनीच्या कर्जाला तो स्वतः जबाबदार धरला जातो. अपवाद आहेत: लिक्विडेटरकडून धंदा रीतसर विकत घेतला असेल आणि 28 दिवसांत घेणेकऱ्यांना नोटीस देऊन गॅझेटमध्ये छापलं असेल तर चालतं. म्हणून लिक्विडेटरला दोनच प्रश्न लेखी विचारा. धंदा, भांडी, भाडेकरार कुणी किती पौंडांना घेतला? आणि ती नोटीस कुठं आहे? संचालकांच्या वर्तनाचा अहवाल लिक्विडेटरला तीन महिन्यांत सरकारकडे पाठवायचा असतो, त्यात तुमचं पत्र गेलं तर संचालकपदावर पंधरा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. यातून तुमचे 6,000 लगेच येणार नाहीत. पण नव्या रेस्टॉरंटला डबे उधारीवर देऊ नका एवढं तरी तुमच्या हातात आहे.

प्रश्न: नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत मशीन ऑपरेटर होतो. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली. सात महिन्यांचा पगार थकलाय, पीएफ पगारातून कापला पण भरलाच नाही म्हणतात. दावा करायला वकील लागेल का?

उत्तर: दाव्यासाठी वकील लागत नाही. लिक्विडेटरची जाहीर सूचना वर्तमानपत्रात एक इंग्रजी आणि एक मराठी अशी येते, त्यात मुदत आणि पत्ता असतो. कामगारांसाठीचा फॉर्म वेगळा असतो, पुरवठादाराचा भरू नका. युनियननं किंवा तुमच्यापैकी एकानं प्रतिनिधी म्हणून सगळ्यांचा मिळून एकच दावाही दाखल करता येतो. पगाराच्या स्लिपा नसतील तर पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, गेट पास, ईएसआयचं कार्ड लावा.

तुमचे सात महिने 24 महिन्यांच्या मर्यादेत बसतात, म्हणजे तुम्ही तारणवाल्या बँकेच्या बरोबरीला आहात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम तर लिक्विडेटरनं वाटायच्या मालमत्तेत धरायचीच नसते. यूएएन (पीएफचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक काढा, कुठल्या महिन्यापासून भरणा थांबलाय ते बघा आणि त्याची प्रत लिक्विडेटर आणि पीएफ कार्यालय दोघांना द्या.

प्रश्न: इचलकरंजीत आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, सूत आणि सायझिंगचा धंदा. यंत्रं विकून 15 लाख येतील, देणी 40 लाख. मला कुणाला फसवायचं नाही, सगळ्यांना बोलावून आहे ते वाटून मोकळं व्हायचंय. आमचे सल्लागार म्हणतात, ‘स्ट्राइक ऑफचा (कंपनीचं नाव सरकारी नोंदीतून काढण्याचा) अर्ज टाका, विषय संपेल.’ हे बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर नाही. आणि तुमच्यासारख्या माणसासाठी आपल्या कायद्यात सरळ रस्ता ठेवलेला नाही, याचा मला मनापासून राग आहे. 1956 च्या कंपनी कायद्यात तो होता: पैसे पुरत नाहीत असं सांगून घेणेकऱ्यांची सभा बोलवायची, लिक्विडेटर त्यांनी निवडायचा, आहे ते वाटायचं. 2016 च्या संहितेनं तो काढून टाकला. ती प्रक्रिया रेंगाळायची हे खरं, पण म्हणून ती पार बंद करायला नको होती. आता कलम 59 मध्ये तुम्ही बसत नाही, कारण देणी फिटत नाहीत. स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर एक कोटीची थकबाकी हवी. तुमची बुडीत कंपनी कायद्याच्या हिशेबानं पुरेशी मोठीच नाही!

स्ट्राइक ऑफ तर अजिबात नको. त्या अर्जासोबत प्रत्येक संचालकाला हमीपत्र आणि शपथपत्र द्यावं लागतं, आणि कंपनीकडे देणी शिल्लक नसावी लागतात. नाव काढलं तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही. देणी चुकवण्यासाठी अर्ज केला असं ठरलं तर कलम 251 खाली घेणेकऱ्यांची भरपाई तुम्ही स्वतः, एकेकटे आणि मिळून, करायची. आणि घेणेकरी 20 वर्षांपर्यंत एनसीएलटीकडे जाऊन कंपनीचं नाव पुन्हा नोंदीवर आणू शकतो.

उरतं काय? विशेष ठराव करून कंपनी अवसायनात काढावी असा अर्ज कंपनी कायद्याच्या कलम 271 खाली एनसीएलटीकडे करता येतो. लहान कंपन्यांसाठी संक्षिप्त पद्धतही आहे, ती तुम्हाला लागू होते का ते कंपनी सेक्रेटरीकडून तपासून घ्या. धंदा चालू ठेवायची इच्छा असती तर 2021 मध्ये एमएसएमईंसाठी आलेली प्री-पॅकची (घेणेकऱ्यांशी आधीच बोलणी करून योजना मांडण्याची) सोय सुचवली असती, ती दहा लाखांच्या थकबाकीपासून मिळते. तुम्हाला बंदच करायचंय, तेव्हा माझं मत असं: आधी सगळ्या घेणेकऱ्यांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बोलवा. यंत्रांचं मूल्यांकन बाहेरच्या माणसाकडून करून त्याची प्रत प्रत्येकाच्या हातात द्या. सगळ्यांना सारखे टक्के. भावाचे, मेव्हण्याचे पैसे असतील तर तेही त्याच टक्क्यानं, आधी नाही. प्रत्येकाशी लेखी तडजोड करा, पैसे चेकनं द्या. एखाददुसरा अडून बसला तर कलम 230 खाली एनसीएलटीच्या मंजुरीनं योजना करता येते. रकमेनं तीन चतुर्थांश घेणेकरी हो म्हणाले आणि मंजुरी मिळाली की ती सगळ्यांना बांधील होते. पण 40 लाखांसाठी तो खर्च झेपेल का, हे आधी विचारा.

आणि बँकेच्या कागदांवर तुमची किंवा घरच्यांची वैयक्तिक हमी आहे का, ते आज रात्रीच कपाटातून काढून बघा. असेल तर त्या खोलीत बँकेला सगळ्यात आधी बसवा, कारण कंपनी बंद झाली तरी हमी बंद होत नाही.